स्क्रीन मंद, चष्मा घाडीकाकांना

"मेधा, तू फक्त जा आणि कॉम्प्युटर ठीक आहे असं लिहून दे. बाकीचं एचआर बघतंय," विवेक फोनवर म्हणाला.

"एचआर काय बघतंय?"

"घाडींचे डोळे."

विवेक माझा मॅनेजर. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, आणि कुठलीही गोष्ट 'फक्त' या शब्दाने सुरू करण्यात पटाईत. मी डेस्कटॉप सपोर्टमध्ये आहे. म्हणजे कंपनीत कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की त्याची समजूत काढायची. बावीस वर्षं हेच करते. कॉम्प्युटरची समजूत लवकर पटते. माणसांना वेळ लागतो.

आमची कंपनी औषधं थंड ठेवते. बनवत नाही, विकत नाही, फक्त ठेवते. इन्सुलिन, लशी, असली नाजूक औषधं दुसऱ्या कंपन्या आमच्याकडे देतात. ऑफिस पवईला, तलावाच्या बाजूला, काचेचं. औषधं मात्र अंधेरी पूर्वेला, मरोळच्या गोदामात. तिथे आठ कोल्ड रूम आहेत. कोल्ड रूम म्हणजे माणूस आत जाऊन फिरू शकेल एवढा मोठा फ्रिज. आतलं तापमान दोन ते आठ डिग्री पाहिजे. आठच्या वर गेलं आणि तिथेच राहिलं की आतलं औषध म्हणजे नुसतं पाणी.

या आठ खोल्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस एका स्क्रीनसमोर बसतो. स्क्रीनवर आठ चौकोन असतात, त्याला डॅशबोर्ड म्हणतात. खोली बरी असेल तर चौकोन हिरवा. सात डिग्री झाली की अंबर, म्हणजे पिवळट नारिंगी. आठ झाली की लाल. अंबर दिसला की ऑपरेटरने त्यावर क्लिक करून 'मी पाहिलं' असं सांगायचं आणि खोलीकडे पळायचं. लाल झालं की मशीन भोंग्यासारखं ओरडतंसुद्धा. अंबरला आवाज नाही. पूर्वी होता. पण शेजारच्या कॉन्फरन्स रूममध्ये मीटिंगला डिस्टर्ब होतं म्हणून गोदामाच्या साहेबांनी तो बंद करायला लावला. चौकोनात आधी तापमानाचा आकडाही असायचा. तो नव्या डिझाइनमध्ये गेला. आता आकडा बघायचा तर चौकोनावर क्लिक करावं लागतं. याला क्लीन लुक म्हणतात.

तर झालं असं होतं. सोमवारी दुपारच्या शिफ्टला चार नंबरची खोली अंबर झाली आणि चाळीस मिनिटं अंबरच राहिली. ऑपरेटरने क्लिक केलं नाही. ऑपरेटर होते रमाकांत घाडी, आम्हा सगळ्यांचे घाडीकाका. वय सत्तावन्न. डॅशबोर्ड जन्माला यायच्या आधीपासून कोल्ड रूममध्ये.

औषधाचं काय झालं? काही नाही. कारण काका दर तासाला हातात थर्मामीटर घेऊन आठही खोल्यांची फेरी मारतात. कंपनीने त्यांना दोनदा लेखी कळवलं होतं की आता सिस्टीम आहे, फेरीची गरज नाही. काका कागद घडी करून खिशात ठेवायचे आणि फेरीला जायचे. त्या दिवशी चार नंबरच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं त्यांना दिसलं. थर्मामीटर साडेसातच्या वर. त्यांनी गोदामातली चार माणसं हाताशी घेऊन सगळे खोके दोन नंबरमध्ये हलवले. एकही खोका वाया गेला नाही.

यावर रिपोर्ट आला तो असा: "डॅशबोर्डवर स्पष्ट इशारा असतानाही ऑपरेटरने चाळीस मिनिटे दखल घेतली नाही." खोके हलवल्याचा उल्लेख नव्हता. त्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

मी मरोळला पोचले तेव्हा ऑपरेशन्सचे हेड सरदेसाई साहेब माझी वाटच बघत होते. त्यांच्या टेबलावर एक रंगीत प्रिंट होती, लॅमिनेट केलेली.

"हा बघा मॅडम. त्याच कॉम्प्युटरचा स्क्रीनशॉट. दुसऱ्या दिवशी मुद्दाम टेस्ट करून काढलाय. अंबर आहे की नाही?"

होता. झेंडूसारखा.

"आंधळ्याला दिसेल," साहेब म्हणाले.

"घाडीकाका काय म्हणतात?"

"म्हणतात, रंग मेलेत. अहो, रंग मरतात का? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर म्हणतात, चष्म्याचा नंबर ठीक, मोतीबिंदू नाही, ठिपक्यांच्या पुस्तकातले सगळे आकडे बरोबर वाचले. आता मला सांगा, डोळे चांगले आहेत म्हणजे काय झालं?"

"डोळे चांगले आहेत."

"म्हणजे लक्ष नव्हतं!" साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. "एचआर दुसऱ्या डॉक्टरांचं ओपिनियन घेतंय. तोपर्यंत त्यांना गेटवर बसवलंय. आणि वेळेआधी रिटायर व्हायचा ऑप्शनपण समजावून सांगितलाय. त्यांच्याच भल्यासाठी."

दुसऱ्याचं भलं करायची साहेबांना फार हौस आहे.

मी कंट्रोल रूममध्ये गेले. छोटी खोली, एक खुर्ची, एक कॉम्प्युटर. हा ऑल-इन-वन प्रकारातला आहे, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच सगळं मशीन. काकांच्या जागी रेश्मा बसली होती. ती एरवी सकाळच्या शिफ्टला असते, आता दोन्ही करत होती. मी तिला चहा पिऊन यायला सांगितलं आणि कामाला लागले.

आमच्या धंद्यात संशयितांची यादी ठरलेली असते. एक, नाइट लाइट. संध्याकाळी स्क्रीन पिवळसर करणारी सोय. ती बंद होती. दोन, कलर फिल्टर. ज्यांना रंग ओळखायला त्रास होतो त्यांच्यासाठी असतो, चुकून दोन बटणं एकत्र दाबली की सुरू होतो आणि सगळं करडं दिसतं. तोही बंद. तीन, कलर प्रोफाइल, म्हणजे या स्क्रीनने कुठला रंग कसा दाखवायचा याची फाइल. जागच्या जागी. चार, ब्राइटनेस. ऐंशी टक्के. मग मी कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, आपण एकदा रीस्टार्ट केलंत का?"

"केलं."

"मग वॉलपेपर बदलून बघता का?"

"रंग फिके दिसतायत आणि तुम्ही वॉलपेपर बदलायला सांगताय?"

"थोडा ब्राइट वॉलपेपर लावा ना मॅडम. फ्रेश वाटतं."

मी आभार मानून फोन ठेवला. या सगळ्या वेळात स्क्रीन माझ्यासमोर होती आणि सगळे हिरवे चौकोन छान हिरवे होते. मी फॉर्म काढला. 'हार्डवेअर: ओके. सॉफ्टवेअर: ओके.' सही केली. खोटं कशाला बोलू, मनात आलं ते हेच की काकांचं वय झालं. बावीस वर्षांत मी एवढं नक्की शिकले होते की मशीन आणि माणूस यांत भांडण झालं तर बहुतेक वेळा माणूस चुकलेला असतो.

निघताना गेटवर काका भेटले. पत्र्याच्या केबिनमध्ये, समोर गाड्यांचे नंबर लिहायची वही. इस्त्रीचा शर्ट, खिशाला थर्मामीटर. इथे त्याचा काही उपयोग नव्हता. तरी होता.

"झाला तुमचा बघून?" काकांनी विचारलं.

"झालं काका. मला तर सगळं ठीक दिसलं."

काका हसले. चांगलं हसणं नव्हतं ते.

"ठीकच दिसणार. तुमी इलास की ता मशीन शाणा होता. साहेब इलो, शाणा झाला. तुमी गेलास की पुन्ना मळकट." काका वैतागले की मालवणीत शिरतात. मग सावरून म्हणाले, "मॅडम, मला सगळं दिसतं. त्या स्क्रीनला दाखवता येत नाही. पण हे मी बोललो की लोक माझ्याकडे असं बघतात, जसं मी गावाकडचं भूत, देवचार बघितला म्हणून सांगतोय."

कुणी बघायला आलं की बरं होणारं दुखणं, हे वाक्य सपोर्टमधला प्रत्येक माणूस आठवड्यातून दहा वेळा ऐकतो आणि दहा वेळा मनात हसतो. मीही हसले असते. पण काकांचं एक वाक्य मला टोचलं: साहेब आला, शहाणं झालं. म्हणजे काहीतरी नेम होता. मशीनच्या लहरीत नेम असला तर ती लहर नसते.

मी परत आत गेले. रेश्माला म्हटलं, "तू ऊठ. मी बसते."

"काय करणार आता?"

"काही नाही. काका जे करतात ते. बसून राहणार."

उघडलेल्या सगळ्या खिडक्या मी बंद केल्या. स्क्रीनवर फक्त डॅशबोर्ड ठेवला. काळ्या पार्श्वभूमीवर आठ चौकोन. हा डार्क मोड. तीन आठवड्यांपूर्वी सिस्टीम अपडेटबरोबर कंपनीतल्या सगळ्या कॉम्प्युटरना तो सक्तीने लावला होता. ई-मेल आली होती: डोळ्यांना आराम, विजेची बचत, आधुनिक रूप. खाली झाडाचं चित्र.

मी माऊसला हात न लावता बसले. काही सेकंदांत चौकोन विझायला लागले. एकदम नाही, अगदी हळू. कुणी दिव्याची वात खाली करत नेत असल्यासारखे. आधी हिरवे होते ते शेवाळी झाले. जरा वेळाने मला स्वतःलाच कळेना की हे आधीपासून असेच होते का.

"रेश्मा, इकडे बघ. हे तुला असंच दिसतं?"

"हो. असंच."

"आणि अंबर?"

"भिजवलेल्या मेंदीसारखा. हिरव्याच्या शेजारी असला तर कळतच नाही."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

रेश्माने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "काकांनी सांगितलं ना. ते कुठे बसलेत बघितलंत? मी तर अजून परमनंटपण नाही, मॅडम."

मी सेटिंग्जची खिडकी उघडायला गेले. ती जुन्या पद्धतीची, डार्क मोडमध्येही पांढरीच असते. ती उघडली आणि चौकोन टवटवीत झाले. बंद केली, काही सेकंदांत मलूल. पुन्हा उघडली, टवटवीत. मी हे आठ-दहा वेळा केलं. रेश्मा शेजारी उभी राहून "अय्या" आणि "बंद करा, बंद करा, परत दाखवा" करत होती.

गुन्हेगार सापडला. सेटिंग्जच्या पोटात, तिसऱ्या पानावर, एक लांबलचक इंग्रजी नावाचा ऑप्शन होता. मराठीत सांगायचं तर, 'स्क्रीनवर काय आहे ते बघून उजेड कमी-जास्त कर.' वीज वाचवायला केलेली सोय. स्क्रीनवर पांढरं जास्त असलं की ती दिवा मोठा ठेवते. काळं जास्त असलं की म्हणते, एवढ्या काळ्यासाठी एवढा दिवा कशाला, आणि उजेड उतरवते. सिनेमा बघताना चालून जातं. पण काळ्या स्क्रीनवर आठ छोटे चौकोन, आणि त्यांच्या रंगावर लाखो लोकांचं इन्सुलिन अवलंबून, तिथे नाही चालत. त्यात डॅशबोर्डच्या डार्क मोडमधले रंग आधीच सौम्य निवडलेले. आधी डॅशबोर्ड पांढरा होता, तेव्हा या सोयीने काही बिघडलं नसतं. आता अपडेटने ती 'नेहमी चालू' करून ठेवली होती आणि त्याच अपडेटबरोबर डार्क मोड आला होता. दोघांनी मिळून रंगांचा गळा दाबला.

आणि कुणीही तपासायला आलं की पहिली गोष्ट काय करणार? एखादी खिडकी उघडणार. पांढरी. की मशीन शहाणं.

मग साहेबांचा झेंडूसारखा स्क्रीनशॉट? तो खराच होता. स्क्रीनशॉट म्हणजे कॉम्प्युटरने स्क्रीनला काय पाठवलं त्याचं चित्र. स्क्रीनने डोळ्यांना काय दाखवलं त्याचं नव्हे. स्वयंपाकघरातून काय निघालं आणि ताटात काय पोचलं, यात फरक असतो. साहेबांनी स्वयंपाकघराचा फोटो फ्रेम करून ठेवला होता.

इथपर्यंत मी स्वतःवर फार खूश होते. मग मला वाटलं, काकांनी आधी कधी तक्रार केली होती का ते बघावं, रिपोर्टमध्ये घालता येईल. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीची नोंद होते, त्याला तिकीट म्हणतात. तिकीट उघडतं, कुणीतरी ते बघतं, काम झालं की बंद करतं. मी काकांचं नाव टाकून शोधलं.

होतं. अपडेटनंतर दोन दिवसांनी टाकलेलं. काकांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: 'स्क्रीनचे रंग मंद. हिरवा पिवळा सारखा. बघावे.' खाली आमच्या बाजूची नोंद: 'रिमोटने तपासले. रंग ठीक. युजरला ब्राइटनेस वाढवण्यास सांगितले. बंद.' आणि बंद करणाऱ्याचं नाव.

माझं.

रिमोट म्हणजे पवईत बसून मरोळचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर बघायचा. त्यातही दिसतं ते पाठवलेलं चित्रच. मी पवईच्या माझ्या झगझगीत स्क्रीनवर काकांचे चौकोन बघितले होते, चार मिनिटांत निकाल दिला होता, आणि त्या दिवशीचं माझं अकरावं तिकीट बंद केलं होतं. मला ते आठवतसुद्धा नव्हतं. आणि अपडेट सगळीकडे पाठवण्याआधी ज्या टेस्टिंगच्या फॉर्मवर सही लागते, तीही माझीच. टेस्टिंग म्हणजे काय केलं होतं? कॉम्प्युटर सुरू होतो, मेल उघडते, प्रिंटर छापतो. प्रिंटर चालला म्हणजे आमच्या हिशेबी जग चाललं.

मी खुर्चीतून उठले आणि रेश्माला तिची जागा दिली.

गेटवर जाऊन मी काकांना सांगितलं. आधी स्क्रीनचं, मग तिकिटाचं. दुसरं सांगताना माझी नजर त्यांच्या वहीवर होती.

"तुमीच बंद केलेलात?" काका म्हणाले.

"हो."

एक टेम्पो आला. काकांनी खिडकीतून वाकून त्याचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, गेट उघडायला सांगितलं. मग म्हणाले, "मी परत टाकणार होतो. पण म्हटलं, मॅडमनी बंद केलंय, त्या हुशार आहेत. आपलंच काहीतरी चुकत असणार. घरी बायकोची पातळं बाहेर काढून रंग ओळखत बसलो, मॅडम. सगळे बरोबर आले. तरी भीती गेली नाही."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

विवेकला फोन केला. सगळं सांगितलं.

"मेधा, यार," तो म्हणाला, "हे रिपोर्टमध्ये असं नको लिहूस."

"मग कसं लिहू?"

"लिही ना, सेटिंग ऑप्टिमाइझ केलं. बस. अपडेट आपल्याच टीमने पुश केलंय. अप्रेझलचा महिना आहे."

"आणि घाडीकाका?"

"त्यांचं एचआर बघेल. आणि त्यांना वर्षभरच राहिलंय गं."

"माझी नोकरी अजून आठ वर्षं आहे, विवेक. पण सही माझी आहे, तिकीट माझं आहे. मी लिहिणार."

"तुला कळतंय ना, सरदेसाई ऐकणार नाहीत. त्यांनी प्रिंट लॅमिनेट केलीये."

यात विवेकचं बरोबर होतं. साहेबांना रिपोर्ट लिहून पटणार नव्हतं. त्यांना खुर्चीत बसवणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना म्हटलं, "सर, तुमच्या निरीक्षणाची मदत हवी होती. दहा मिनिटं." निरीक्षण हा शब्द कामी आला. साहेब कंट्रोल रूममध्ये आले, शर्टाच्या बाह्या सारख्या करून खुर्चीत बसले. मी आधीच सगळ्या खिडक्या बंद करून ठेवल्या होत्या आणि सेटिंग जसं होतं तसंच ठेवलं होतं.

"सहा नंबरची खोली रिकामी आहे, दुरुस्तीला," मी म्हटलं. "रेश्मा तिथे दार उघडून उभी आहे. तापमान वाढेल. अंबर झाला की तुम्ही क्लिक करायचं. माऊसला मध्ये हात लावायचा नाही. मी मागे बसते."

"एवढंच? हे काय काम आहे?" साहेब म्हणाले.

सिस्टीम प्रत्येक बदलाची वेळ नोंदवून ठेवते. ती नोंद माझ्या लॅपटॉपवर उघडी होती. साहेबांची पाठ माझ्याकडे. सुरुवातीला ते ताठ बसून होते. मग एचआर किती हळू चालतं त्याबद्दल बोलले. मग आजकाल लोकांचं कामात लक्ष नसतं त्याबद्दल बोलले.

नोंदीवर ओळ उमटली. सहा नंबर, अंबर.

साहेब बोलतच होते. दोन मिनिटं झाली. चार झाली. मी रेश्माला फोनवर दार थोडं लोटून घ्यायला सांगितलं, नाहीतर लाल होऊन भोंगा वाजला असता आणि सगळा खेळ बिघडला असता.

"मॅडम, तुमची मुलगी नीट उभी आहे का दारात?" साहेबांनी विचारलं. "काहीच होत नाहीये."

"कुठले चौकोन कसे दिसतायत, सर?"

"सगळे हिरवे आहेत."

"सहासुद्धा?"

साहेब पुढे वाकले. नाक जवळजवळ स्क्रीनला लागलं. "हिरवाच आहे. जरा... डार्क हिरवा."

"तो सात मिनिटांपासून अंबर आहे, सर."

मी हात पुढे करून एक रिकामं पांढरं पान उघडलं. सहा नंबरचा चौकोन भसकन नारिंगी झाला. साहेब मागे सरकले.

"हे तुम्ही आत्ता केलंत."

"मी फक्त एक कोरं पान उघडलं. बंद करते, बघा." केलं. चौकोन मावळला. "आता तुम्ही करा."

साहेबांनी स्वतः केलं. तीन वेळा. तिसऱ्या वेळी त्यांचा चेहरा एखाद्या हुशार मुलाला पहिल्यांदा शून्य मार्क मिळावेत तसा झाला होता.

"पण मी तर लक्ष देत होतो," ते म्हणाले.

"हो सर. तुमच्याकडे डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर आहेच."

हे बोलायला नको होतं, असं विवेक नंतर म्हणाला. मला अजून पटलेलं नाही.

सेटिंग बंद करायला अर्धं मिनिट लागलं. त्या कॉम्प्युटरवरचा डार्क मोड काढायला मात्र चार दिवस आणि तीन परवानग्या लागल्या, कारण तो कंपनीचं धोरण होता. मी रिपोर्ट लिहिला. अपडेट, सेटिंग, स्क्रीनशॉट का फसवतो, काकांचं तिकीट, ते बंद करणारीचं नाव. शेवटी एक ओळ: औषधं वाचली ती ऑपरेटर घाडी यांच्या फेरीमुळे. फॉर्ममध्ये रकाना नव्हता, मी समासात लिहिली.

काका सोमवारी परत खुर्चीत बसले. माफी कुणी मागितली नाही. साहेब दारात येऊन "काय घाडी, बरं ना?" म्हणाले, त्यांच्या मते तीच माफी होती. दुसऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द झाली. पण काकांच्या फाइलमधला पहिला रिपोर्ट काढता येत नाही असं एचआरने कळवलं, कारण एकदा लावलेला कागद काढायची पद्धत नाही. त्याऐवजी माझा रिपोर्ट मागे जोडला. आता फाइलमध्ये एक कागद म्हणतो काकांची चूक होती, आणि दुसरा म्हणतो नव्हती. दोन्हींवर शिक्का आहे.

महिन्याभराने कंपनीची ई-मेल आली. 'स्पष्ट दिसणे, सुरक्षित राहणे' या नावाचा उपक्रम सुरू होत असल्याची. सगळ्या गोदामांतल्या स्क्रीन पुन्हा पांढऱ्या करायच्या, चौकोनात आकडा परत आणायचा. कल्पना विवेकची आणि मार्गदर्शन सरदेसाई साहेबांचं. दोघांचा टाळ्या वाजवतानाचा फोटो होता. काकांनी तो फोनवर बघितला, बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, "रंग बरे इले हां फोटोत."

मी त्यांची परत एकदा माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी परत आत गेलात ना मॅडम, झालं." आणि थर्मामीटर घेऊन फेरीला गेले.

तेव्हापासून मी एक नियम केलाय. दिसण्याबद्दलची तक्रार असेल तर रिमोटने बंद करायची नाही. उठायचं, तिथे जायचं, तक्रार करणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं, आणि जरा वेळ काहीही करायचं नाही. यात रिक्षाचा वेळ जातो, तिकिटं साचतात. यंदाच्या अप्रेझलमध्ये विवेकने माझ्या नावापुढे लिहिलंय: अनुभवी आहे, पण तिकीट बंद करायला वेळ लावते.

मी ते वाचलं आणि खाली सही केली. या वेळी नीट वाचून.